ओ आली का?

मी अक्कांच्या हाताखाली काम केलं, असं मी सगळीकडे सांगतो. अक्कांना कुणी विचारलंच तर त्या म्हणतील, "हाताखाली कुठला, मध्ये मध्ये होता." आणि ते खरंच आहे. ऑफिसात माझ्या नावापुढे 'सिनियर' लिहिलेलं होतं, अक्कांच्या नावापुढे काहीच नव्हतं, आणि तरीही नव्या माणसाला कोण कुणाला विचारून काम करतंय हे त्याचा पहिला चहा यायच्या आत कळायचं.

त्यांचं नाव महादेवी. माहेर होटगीचं, सासर अक्कलकोटकडचं, बिऱ्हाड जुळे सोलापुरात. नवरा बँकेत, मुलगी बेळगावला शिकायला. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि कोड चालेना की परत कन्नड. सुती साडी, तिच्यावर पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि टेबलावर एक सोलापुरी टॉवेल घडी करून ठेवलेला. त्या टॉवेलाखाली त्यांचा मोबाईल पालथा घातलेला असायचा. आख्ख्या शहराचे मोबाईल वाजवणं हे ज्या बाईचं काम, तिचा स्वतःचा मोबाईल दिवसभर मुका.

आमची कंपनी म्हणजे मेडिकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. ॲपचं नाव 'वर्दी'. हे नाव मी सुचवलं होतं आणि फार खूश होतो. वर्दी देणे म्हणजे खबर देणे, किती नेमका शब्द, असं मी मालकांना समजावून सांगितलं. पण ज्या गावात निम्मी शिलाई मशीनं शाळेचे गणवेश शिवतात तिथे 'वर्दी' म्हटल्यावर लोकांना काय वाटणार, हे पुण्यातून नुकत्याच आलेल्या माझ्या डोक्यात आलं नाही. जून महिना लागला की आमच्या हेल्पलाईनवर फोन सुरू. चौथीची हाफपँट केवढ्याला, कापड आमचं दिलं तर शिलाई किती. अक्का शांतपणे फोन माझ्याकडे द्यायच्या. "घे. तुझं गिऱ्हाईक हाय."

काम तसं साधं. पाणी सोडणाऱ्या माणसाने चावी फिरवली की तो आम्हाला कळवणार, आणि आमचा सर्व्हर त्या भागातल्या सगळ्या मोबाईलवर 'पाणी आलं' असं नोटिफिकेशन पाठवणार. सोलापुरात पाणी रोज येत नाही आणि येतं तेव्हा विचारून येत नाही. त्यामुळे ह्या दोन शब्दांसाठी माणूस लग्नाच्या पंगतीतून उठतो. मी पुण्यात कपड्यांच्या सेलची नोटिफिकेशनं पाठवायचो. ती वाचून कुणी जागचं हललेलं मला माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी माझी हुशारी दाखवली. सर्व्हरवरून एक चाचणी संदेश सोडला, पलीकडून 'यशस्वी' असं उत्तर आलं, आणि मी खुर्ची मागे रेलून जाहीर केलं की पोचलं. उन्हाळ्यात अंगात जाकीट होतं, पुण्याच्या कंपनीचं, छातीवर चिन्ह असलेलं. ते मी का घालून बसलो होतो हे मला आजही सांगता येणार नाही. मग मी कानात हेडफोन घातले. जरा वेळाने खांद्यावर टकटक झाली. अक्का मागे उभ्या.

"मी तुला हाक मारली. पोचली का?"

मी म्हटलं, ऐकलं नाही, गाणं लावलं होतं.

"पण मी तर मारली की. माझ्याकडून यशस्वी." त्या खुर्ची ओढून बसल्या. "तो जो तुला 'यशस्वी' म्हणतोय ना, तो मधला माणूस हाय. पोस्टमनने पत्र घेतलं एवढंच तो सांगतोय. मोबाईल बंद असेल, त्यातलं ॲप झोपलं असेल, माणसाने ॲप काढून टाकलं असेल, त्याला काय घेणं? हाक मारली की ओ आली पाहिजे. ओ आली का?"

ओ आली नव्हतीच. मी ज्या मोबाईलवर संदेश पाठवला होता तो बॅटरी संपून ड्रॉवरमध्ये पडला होता.

हा त्यांचा धर्मच होता. नोटिफिकेशनला त्या नोटिफिकेशन म्हणायच्याच नाहीत. हाक म्हणायच्या. ज्याच्या मोबाईलवर ती पोचली त्या मोबाईलने गुपचूप सर्व्हरला उलट कळवायचं, ती ओ. डेटाबेसमध्ये त्या रकान्याचं नावसुद्धा 'ओ' एवढंच. मी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव सुचवलं, तर म्हणाल्या, "मराठीत पण ओ, कन्नडमध्ये पण ओ. दोन भाषांत मिळून एक अक्षर पुरतंय, तुझं नाव ठेवायला टेबल रुंद करावं लागेल."

उशिरा पोचणाऱ्या संदेशाला त्या शिळी हाक म्हणायच्या. पाणी जाऊन नळ कोरडा पडल्यावर 'पाणी आलं' म्हणून मोबाईल वाजला तर माणूस आपल्याला काय म्हणेल, ते त्या दोन्ही भाषांत म्हणून दाखवायच्या. म्हणून प्रत्येक हाकेला मुदत, आणि मुदत संपली की ती वाटेतच मारून टाकायची.

मालकांना ह्यातलं काही पटायचं नाही. मालक तरुण, भला माणूस, पण मोबाईलवर व्हिडिओ बघून धंदा शिकलेला. त्यांचं म्हणणं, लोकांना रोज काहीतरी पाठवा, नाहीतर ते आपल्याला विसरतील. ते लिहायचं काम अर्थात माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत निबंधात बक्षीस मिळवलं होतं आणि ते लपवून ठेवायची अक्कल मला नव्हती. मी मन लावून ओळी लिहिल्या. 'आमची आठवण येते का?' 'आज तुम्ही वर्दी उघडलंच नाही, आम्ही रुसलो.' आज त्या आठवल्या की मी एकटा असलो तरी उशीत तोंड घालतो.

अक्कांनी चष्मा चढवून एकेक ओळ वाचली. मग म्हणाल्या, "बाई भाकरी थापायली. भाकरी तव्यावर हाय. मोबाईल वाजला. भाकरी सोडून, हात पुसून ती आली, आणि वाचतीय की तू रुसलास. आता ती काय करेल?"

उत्तर त्यांनीच दिलं.

"एकदा करपली तर शिव्या देईल. दुसऱ्यांदा हाकेला कान बंद करेल. मग खरंच पाणी येईल त्या दिवशी तू कुणाला सांगणार?"

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मजकुराला भाकरीची परीक्षा सुरू झाली. तव्यावरची भाकरी सोडून यावं असं काही असेल तरच हाक. माझी एकही ओळ त्या परीक्षेत पास झाली नाही.

त्यांचा आणखी एक नेम होता. चाचणीलासुद्धा खोटं लिहायचं नाही. आम्ही बाकीचे 'टेस्ट टेस्ट', 'हॅलो', 'अबक' असलं काही टाकायचो. अक्का त्या घटकेला जे खरं असेल ते लिहायच्या. 'अक्का टेबलाशी बसली आहे.' 'पंखा कुरकुरतोय.' 'निखिल आज पण उशिरा आला.' निखिल म्हणजे मी. चाचणीचे मोबाईल टेबलावर ओळीने मांडलेले असायचे आणि माझ्या उशिरा येण्याची बातमी त्या सगळ्यांवर एकदम वाजायची.

सकाळी ऑफिस उघडल्यावर मात्र अक्का कुणाशी बोलायच्या नाहीत. टॉवेलाखालून देवघरातल्या घंटेसारखा एकच आवाज यायचा, टण. मग त्या "हं" म्हणायच्या, चहाला हात लावायच्या, आणि मगच ऑफिस सुरू. मी समजत होतो की त्यांनी पूजेचा गजर लावलाय. एकदा मोठ्या शहाणपणाने म्हणालोही, अक्का, देवाला पण रिमाइंडर लागतं का?

त्या हसल्या नाहीत. चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं.

त्यांचे वडील, अप्पा, होटगीला एकटे राहतात. रेल्वेत गेटमन होते. स्टेशनातून फोन यायचा की गाडी सुटतेय, फाटक लाव. अप्पांनी फाटक लावून 'लावलं' असं उलट सांगितल्याशिवाय तिकडून गाडी सोडत नसत. ओ द्यायचं हे वेड त्यांचंच. आई गेल्यावर अक्कांनी त्यांना जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर आणलं. अप्पा थोडे दिवस राहिले. लिफ्टला घाबरले, बंद दारांना कंटाळले, आणि एके दिवशी न सांगता रिक्षा करून परत गेले. अक्का मागोमाग होटगीला. अंगणात, शेजारपाजारच्यांसमोर, बाप-लेकीचं कडाक्याचं भांडण झालं. अक्का म्हणाल्या, आता तुम्ही हाक मारल्याशिवाय मी ह्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. अप्पा म्हणाले, मी मारणार नाही.

आणि दोघांनीही शब्द पाळला. होटगी तशी हाकेच्या अंतरावर, पण गौरी गेल्या, दिवाळी गेली, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा येऊन गेली, पुन्हा गौरी आल्या. अप्पा फोन उचलायचे नाहीत. अक्कांनी तिथल्या किराणा दुकानदाराला गळ घालून अप्पांच्या मोबाईलवर आमचं ॲप टाकून घेतलं, पाण्याचं म्हणून. आणि रोज सकाळी आमच्या सर्व्हरवरून त्या एका मोबाईलला एक मुकी हाक जायची. पडद्यावर काही दिसायचं नाही, काही वाजायचं नाही. फक्त तो मोबाईल चालू असेल तर उलट ओ अक्कांच्या मोबाईलवर यायची. टण. अप्पांनी रात्री मोबाईल बंद करून चार्जिंगला लावला होता, सकाळी चालू केला, म्हणजे अप्पा उठले.

"मोबाईल ओ देतो," अक्का म्हणाल्या. "माणूस देत नाही."

सांत्वन म्हणून मी म्हणालो की ही फार चांगली टेक्निकल आयडिया आहे. असं बोलणारा माणूस आजवर शिल्लक कसा राहिला कुणास ठाऊक.

त्यानंतर रोज सकाळी आम्हीही त्या आवाजाची वाट बघायला लागलो. टण झालं की मालकसुद्धा केबिनमधून मान बाहेर काढून "आली का?" विचारायचे. होटगीचे अप्पा आम्ही कुणी पाहिले नव्हते, पण त्यांनी एकदा तरी लेकीला फोन करावा, असं आमच्या सगळ्या ऑफिसला वाटायला लागलं होतं.

आता तो घोटाळा.

कॉलन्यांच्या संघाने मागणी केली की पाणी सुटलं हे ठीक, पण शेवटच्या घरापर्यंत पोचलं की नाही हे लोकांनी कळवायची सोय करा. अक्कांनी नोटिफिकेशनमध्येच एक बटण दिलं. बटणावर एकच अक्षर, 'ओ'. आजवर मोबाईल गुपचूप ओ द्यायचा, आता माणूस देणार. मालकांना वाटत होतं बटणावर अंगठा हवा. अक्का म्हणाल्या, हाक मारल्यावर अंगठा कोण दाखवतं?

ज्या दिवशी हे बटण तपासायचं होतं त्या दिवशी त्या सकाळपासून गप्प होत्या. त्यांच्या आईची तिथी होती, हे मला मागाहून कळलं. दुपारी जेवणाच्या वेळेला त्यांनी चाचणीचा मजकूर लिहायला घेतला. जे खरं असेल ते लिहायचं हा नेम. त्यांनी लिहिलं, 'अप्पा, जेवलात का?'

आता पाठवायचं कुणाला. आमच्याकडे दोन गट होते. टेबलावरचे चाचणीचे मोबाईल, म्हणजे घरचेच, म्हणून त्या गटाचं नाव अक्कांनी ठेवलं होतं 'सगे'. आणि शहरातले नि भोवतालच्या गावांतले यच्चयावत ग्राहक, त्या गटाचं नाव 'सगळे'. दोन्ही नावं त्यांचीच, आणि मला तेव्हा फार गोड वाटली होती. 'सग' एवढं लिहिलं की खाली दोन्ही नावं यायची. अक्कांचे डोळे भरलेले होते. बोट एका अक्षराने चुकलं.

टेबलावरचे मोबाईल वाजले. ते वाजणारच होते. मग मालकांचा वाजला. मग खिडकीतून खालच्या मेडिकलवाल्याचा वाजलेला ऐकू आला, आणि त्याच्या गिऱ्हाईकाचा. रस्त्यावर एक रिक्षावाला गाडी बाजूला घेऊन मोबाईल बघायला लागला. अक्का पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

अशा प्रसंगी सिनियर माणसाने पुढे व्हायचं असतं. मी पुढे झालो. धावत जाऊन भिंतीतली पिन उपटली. सर्व्हर परमुलखात कुठेतरी, कुणाच्या तरी इमारतीत. मी उपटलेली पिन कूलरची होती. पुढचा सगळा प्रसंग आम्ही घामाघूम होऊन पाहिला, कारण ती परत लावायचं कुणाला सुचलं नाही.

आणि मग ओ यायला लागल्या. आधी तुरळक, मग पडद्यावर आकडा थांबेचना. पाणी नाही, सेल नाही, कुणी रुसलेलं नाही, नुसतं 'जेवलात का' विचारलं होतं, आणि गाव ओ देत होतं. हेल्पलाईन वाजायला लागली. मी मनाची तयारी करून फोन उचलला. पहिले एक गृहस्थ म्हणाले की हो, जेवलो, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी, पण आपण कोण? एक चाचा म्हणाले, "खाना हो गया जी, मगर पूछे कौन?" एक सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या की सासरे सकाळपासून रागावून ताटावर बसले नव्हते, तुमचं बघून बसले, थँक्यू. एक आजोबा काहीच बोलले नाहीत, नुसते ऐकत राहिले, आणि मीच विचारलं, जेवलात का, तेव्हा हो म्हणाले आणि ठेवून दिला.

खरं सांगायचं तर ओ मीही दाबली. माझं लग्न झालेलं नाही, मी कुणाचा अप्पा नाही, आणि माझ्यासमोर बसलेल्या बाईनेच हे चुकून पाठवलंय हे मला ठाऊक होतं. तरी दाबली.

मालक आधी संतापून बाहेर आले. मग त्यांनी आकडा बघितला आणि खुर्चीवर बसले. त्यांच्या डोळ्यांत उद्याचा बेत मला दिसायला लागला. "अक्का," ते म्हणाले, "उद्या आपण 'आई, झोपलात का' टाकू." अक्कांनी त्यांच्याकडे फक्त बघितलं. मालक परत केबिनमध्ये गेले.

अक्का मात्र त्या गर्दीत एकच ओळ शोधत होत्या. अप्पांचा मोबाईलही 'सगळे'त होताच की. सापडली. मोबाईलची मुकी ओ आलेली, म्हणजे संदेश पोचला. उघडून पाहिलेला. बटण मात्र दाबलेलं नाही. आख्ख्या सोलापूरने ओ दिली आणि होटगीहून नाही.

"बघितलंय," एवढंच त्या म्हणाल्या, आणि टॉवेलाची घडी परत नीट घातली. मला खूप काही बोलावंसं वाटलं. नशिबाने तेवढ्यात कुणीतरी हाफपँटची चौकशी करायला फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे वेळेवर आलो. मीसुद्धा. अक्का टेबलाशी बसल्या होत्या, चहा पुढे. टण झालं नाही. चहावर साय धरली. मालक मान बाहेर काढून "आली का" विचारायचे, ते नुसतेच बघून आत गेले. मी सर्व्हर तपासला. हाक गेली होती. मोबाईल बंद होता. ही मुकी हाक सुरू झाल्यापासून अप्पांचा मोबाईल एकाही सकाळी बंद नव्हता.

अक्कांनी किराणा दुकानदाराला फोन लावला, तो उचलेना. त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली आणि खाली ठेवली. परत उचलली. शपथ अंगणात, गावासमोर घेतलेली, आणि समोरच्या माणसाने अजून हाक मारलेली नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मग त्या उठल्या. "उंबरा गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "मी चालले होटगीला."

दार उघडलं तर जिन्यात एक म्हातारा धापा टाकत उभा. डोक्याला टॉवेल, धोतर, कपाळावर भस्म, आणि छातीशी पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. अक्का उंबऱ्याच्या आत, तो बाहेर. ते अप्पा होते हे आम्हाला सांगावं लागलं नाही, हट्टी हनुवटी हुबेहूब तीच होती.

मीच पुढे होऊन त्यांना आत घेतलं, आणि नेमकं माझ्या मोडक्या हाताच्या खुर्चीवर बसवलं. ते कलले, सावरले, माझ्याकडे बघून घेतलं. मग पंचा सोडला. आत मोबाईल.

"बंद का ठेवलाय?" अक्कांचा आवाज फाटला होता, आणि आमच्यासमोर म्हणून की काय, तोंडून मराठीच निघालं.

"चारजिंग संपलं तर त्यातला मजकूर जाईल म्हनून बंद करून आनलाय. दाखवायला." अप्पांनी मोबाईल टेबलावर, टॉवेलाशेजारी ठेवला. "काल दुपारी आलं. 'अप्पा जेवलात का.' हे मला हाय का सगळ्यास्नी?"

मालक केबिनमधून आले आणि सांगायला लागले की आमच्या सिस्टीममध्ये दोन गट आहेत, त्याचं असं होतं. अक्कांनी हाताने त्यांना थांबवलं.

"पारावर समद्या म्हाताऱ्यांचं एकदम वाजलं," अप्पा म्हणाले. "ज्याला त्याला वाटलं आपल्याच लेकीनं इचारलं. समद्यांनी ओ दाबली. एकजण तर रडला. मी न्हाय दाबली. म्हनलं, माजी लेक मला मराठीत कशाला इचारंल? दुसऱ्याच्या अप्पाचं आसंल, आपन कशाला मदी ओ द्यायची?" त्यांनी पंच्याची घडी घातली. "पर राती झोप न्हाय लागली. म्हनलं, सकाळी जाऊन इचारूनच यावं, मला हुतं का."

ऑफिसात कूलरसुद्धा बंद होता, कारण पिन अजून खालीच पडलेली. अक्का बापासमोर उभ्या राहिल्या. चूक झाली, गट चुकला, असलं त्या काहीच बोलल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं आणि सगळ्यांसमोर, हळू, त्यांच्या घरच्या भाषेत विचारलं.

"अप्पा, ऊटा आत?"

जेवण झालं का. एवढं कन्नड आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

अप्पांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "इल्ला." नाही. कालपासून जेवले नव्हते.

अक्का त्या घटकेला निघाल्या. संगणक चालू, चहा तसाच, टॉवेल टेबलावरच. आमच्या ऑफिसात त्या परत आल्या नाहीत. होटगीहूनच काम करतात, आता तर दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं. होटगीला जाणारी ती मुकी हाक त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः काढून टाकली आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'समोर बसले आहेत.' टॉवेल मी ठेवलाय. माझा मोबाईल त्याच्याखाली पालथा घालून पाहिला, पण मला कुणाचं काही वाजायची वाट बघायची नव्हती, त्यामुळे नुसताच घाम पुसायला वापरतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी गॅलरीतून. खाली मेडिकलसमोर अक्कांनी स्कूटर काढली, साडी खोचली, स्पोर्ट्स शूज टेकवून गाडी तोलून धरली. अप्पा मागे बसायला तयार होईनात. सीट उंच आहे, पाय कुठे ठेवायचा, तू जोरात चालवतेस, त्यांची तक्रार वरपर्यंत ऐकू येत होती. शेवटी एका रिक्षावाल्याने हात दिला आणि ते बसले. अक्कांनी मागे वळून पाहिलं नाही. हेल्मेट घातलेलं, त्यामुळे वळता येतही नव्हतं. त्यांनी नुसतं विचारलं, "अप्पा?"

"ओ," अप्पा म्हणाले, ऐकायला कमी येणारा माणूस म्हणतो तसं, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

खाली मेडिकलवाल्याने मान वर केली. गाडी निघाली. आणि गॅलरीत उभ्या असलेल्या माझ्याही तोंडून, कुणी विचारलेलं नसताना, एक ओ निघून गेली.